जनावर कुणी पाहिलं नाही

१८६२ च्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात आठवडाभरात लाखाहून जास्त फुरशी मारली गेली. इंग्रज सरकारने मेलेल्या फुरशामागे काही पै इनाम लावलं होतं. लोकांनी साप मारले, मोजून दिले, पैसे घेतले. आज हा आकडा फुगवलेला वाटतो. पण पावसाळ्याच्या तोंडावर कातळसड्यावरचा चिरा उलथून ज्याने खाली पाहिलंय, तो फारसं आश्चर्य करणार नाही. त्या सरकारी हिशेबात साप होते, माणसं होती, पैसेही होते. कुत्रा कुठे नव्हता.

दीडशेहून अधिक वर्षांनीही तो हिशेबात आलेला नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आणि त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना कळवलं. हे सगळं चांगलंच आहे. गाई, म्हशी, शेळ्या, कुत्री यांचं काय, याचा जगभरचा आढावा जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये घेतला. हाती आलेली माहिती तुटपुंजी आणि विस्कळीत निघाली. परड्यात मेलेल्या कुत्र्याचा दाखला कोण मागतो आणि कोण देतो?

त्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं हातखंबा म्हटलं की बहुतेकांना तिठा आठवतो. मुंबई-गोवा महामार्ग इथून सरळ खाली पालीकडे जातो आणि रत्नागिरीचा फाटा समुद्राकडे वळतो. वर्षानुवर्षं चाललेलं चौपदरीकरण, उतारावर उलटणारे टँकर, वडापावच्या गाड्या, उतरून दुसरी एसटी पकडणारे प्रवासी. पण तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर गाव सुरू होतं आणि तिथलं जग वेगळं आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचे बिनसिमेंटचे गडगे, आंब्याकाजूची कलमं, कलमांखाली साचलेला पातेरा, गोठ्यामागे रचलेली चुलीची लाकडं, भातकापणीनंतर खळ्यात उभी राहिलेली उडवी. उंदराला यापेक्षा सोयीचं घर मिळत नाही. आणि उंदीर आला की त्याच्या मागोमाग घोणस येते. फुरसं मुळात कातळाचंच रहिवासी. हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं. दगडाखाली दिवस काढतं आणि काळोख पडला की बाहेर येतं. नागाला भातखाचरं आणि गोठे मानवतात. मण्यार रात्री फिरते, घरातही येते.

याच जागा कुत्र्याच्याही आवडीच्या. माणूस गडग्यावरून हात टाकताना दोनदा विचार करतो. कुत्रा नाक खुपसतो. म्हणून त्याला दंश होतो तो बहुधा तोंडावर, नाहीतर पुढच्या पायावर. माणसाला पायाला चावा बसतो तेव्हा तो ओरडतो, बॅटरी मारतो, निदान शेपूट तरी पाहतो. कुत्रा परड्यात एकदा केकाटतो, आणि घरात त्या वेळी टीव्ही चालू असतो.

समजा, घरातल्या कुत्र्याचं नाव मोती. नाव उदाहरणापुरतं; तुमच्याकडे टायगर असेल, राजा असेल. संध्याकाळी सात-साडेसातची वेळ. मोती पडवीत येऊन पडलाय, भाकरीला तोंड लावत नाही. एका बाजूने तोंड सुजल्यासारखं दिसतं, पण दिव्याच्या उजेडात नीट कळत नाही. कुणी म्हणतं गांधीलमाशी असेल. कुणी म्हणतं, ‘काहीतरी खाल्लंन असेल, उतरेल उद्यापर्यंत.’ आजी ओटीवरून विचारते, ‘पान तर लागलं नाही ना रे त्याला?’ पान लागणं म्हणजे साप चावणं, आणि त्या प्रश्नाबरोबर घरातली दोन माणसं बॅटऱ्या घेऊन परड्यात जनावर, म्हणजे तो साप, शोधायला निघतात.

माझ्या मते खरी चूक इथे होते. कोकणातल्या घराघरांत ती होते आणि तिच्यामागे निष्काळजीपणा नसतो, उलट काळजीच असते. साप पाहिल्याशिवाय डॉक्टरला काय सांगायचं, असं वाटतं. म्हणून लाकडं उपसली जातात, गडग्यात काठ्या घातल्या जातात, शेजारी जमतात. जनावर मिळत नाही. मिळायला ते तिथे थांबलेलं नसतं. आणि थांबलेलं असलंच तर काळोखात लाकडं उपसणाऱ्यालाच दंश व्हायचा. तोवर तास-दीड तास जातो. मोतीच्या उपचाराला सर्वात मोलाचा असलेला हाच वेळ.

साप दिसायला हवा, ही अट वैद्यकशास्त्राची नाही. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्रच चालतं. कुठला साप हे ठाऊक असेल तर पुढचा अंदाज बांधायला मदत होते; ठाऊक नसेल म्हणून इलाज अडत नाही. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्तावर काम करतं. चाव्याच्या जागी सूज, ती वर चढत जाणं, असह्य वेदना, जखमेतून झिरपत राहणारं आणि न गोठणारं रक्त. मग हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडंही निकामी होतात, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लक्षात येतं. नाग आणि मण्यार नसांवर आघात करतात. पापण्या जड होतात, भुंकण्याचा आवाज बदलतो, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात, मान टाकली जाते आणि शेवटी श्वास थांबतो. नागाच्या चाव्याला सूज असते. मण्यारीच्या चाव्याला बऱ्याचदा खूणच सापडत नाही. केसाळ अंगावर दोन दातांच्या खुणा शोधत बसणं तर व्यर्थच. घोणशीच्या चाव्यालाही त्या प्रत्येक वेळी दिसत नाहीत.

तरीही हा संशयच असतो, आणि संशयाला बाकीचे दावेदार असतात. म्हणूनच तो प्रश्न घरच्यांनी सोडवू नये. कोकणातल्या कुत्र्याला गोचीड ताप येतो तेव्हा लघवी कॉफीसारखी होते, नाकातून रक्त येतं. उंदराच्या विषाच्या वड्या खाल्ल्या तर चार-पाच दिवसांनी कुठूनही रक्तस्राव सुरू होतो. त्यावर उतारा आहे तो ‘के’ जीवनसत्त्वाचा, प्रतिविषाचा नाही. पावसाळ्यात खाचरांतल्या पाण्यातून लेप्टो होतो, माणसालाही आणि कुत्र्यालाही. आंब्याच्या मोहोरावर फवारणी चालू असते त्या दिवसांत कीटकनाशकाच्या बादलीत तोंड घातलेला कुत्रा लाळ गाळतो, थरथरतो. लाल विंचू चावला तरी प्राणावर बेततं. विंचू हा कोकणातला जुना वैरी. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध चालतं, हे जगाला याच महामार्गावरच्या महाडमधून कळलं, डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका ग्रामीण डॉक्टराने रुग्णाच्या उशाशी बसून टिपून ठेवलेल्या नोंदींतून हे घडलं. आपल्याकडच्या पशुवैद्यांनी सर्पदंशाच्या कुत्र्यांच्या अशा नोंदी ठेवल्या तर किती उपयोग होईल, असं राहून राहून वाटतं.

आणखी एक दावेदार आहे आणि त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, मागचे पाय ओढतोय. ही नागाच्या चाव्याची लक्षणं आहेत आणि मुक्या रेबीजचीही. कुत्र्याला लस दिलेली नसेल, किंवा गेल्या काही महिन्यांत त्याची बाहेर मारामारी झाली असेल, तर त्याच्या घशात काही अडकलंय का हे पाहायला उघडा हात घालू नये. मायेपोटी हात घातलेली माणसं रेबीजने गेली आहेत. चादरीत गुंडाळून उचला, लाळ अंगाला लागली तर साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरला लसीची खरी तारीख सांगा. लस दिली नसेल तर ‘दिली असावी’ म्हणू नका.

घरात तोवर उपाय सुरू झालेले असतात. कुणी कडुलिंबाचा पाला आणतं, कुणी तूप गरम करतं, कुणी सुतळीने पाय आवळतं. कोंबड्या लावून विष उतरवणारे लोक महाराष्ट्रात अजून आहेत. मांत्रिकाकडून बरी झालेली जनावरं आपण सर्वांनीच ऐकलेली असतात, आणि त्यात खोटेपणा असतोच असं नाही. साप बिनविषारी असतो, किंवा विषारी सापानेही कोरडाच चावा घेतलेला असतो. अशा वेळी जनावर आपोआप उठतं आणि श्रेय मंत्राला जातं. पण घोणशीचं विष भिनलं असेल तर मंत्राला जितका वेळ दिला तितका इलाजातून वजा होतो. पाय आवळला की सुजलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि मांस सडतं. जखम कापली तर न गोठणारं रक्त वाहत राहतं. गिळता न येणाऱ्या कुत्र्याला तूप किंवा दूध पाजलं तर ते फुफ्फुसात जातं. घरातल्या डब्यातली दुखण्यावरची गोळी, डायक्लोफेनॅक असो की अ‍ॅस्पिरिन, तिच्याने रक्तस्राव आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात.

करायचं ते थोडंच आहे. गळ्यातला पट्टा काढायचा, कारण सूज मानेकडे आली की पट्ट्याचा फास होतो. कुत्र्याला चालू द्यायचं नाही. फळीवर, गोणपाटावर, चादरीच्या झोळीत, जमेल तसं उचलून गाडीत घालायचं. वेदनेने वेडावलेला कुत्रा मालकालाही चावतो, म्हणून तोंडाला सैल फडकं बांधायचं. मात्र तो धापा टाकत असेल किंवा उलट्या करत असेल तर तेही नाही. निघता निघता फोन करायचा.

आणि इथे हातखंबा, पाली, निवळी या पट्ट्यातल्या माणसाला खरा प्रश्न पडतो. जायचं कुठे?

माणसाला दंश झाला असता तर उत्तर सोपं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर पंधरा-एक किलोमीटरवरचं रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. तिथे प्रतिविष असतं आणि फुकट असतं. तेच प्रतिविष कुत्र्यालाही चालतं, किंबहुना तेच द्यावं लागतं, कारण कुत्र्यासाठी म्हणून वेगळं प्रतिविष आपल्याकडे बाजारात नाही. पण माणसांच्या दवाखान्याच्या कपाटातली कुपी कुत्र्याला मिळत नाही, मिळूही नये. त्याच रात्री खाचरातून आणलेला एखादा शेतकरी दारात येऊ शकतो. म्हणजे औषध गावाजवळ आहे आणि तरीही नाही.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गावोगाव आहेत. त्यांची रचना गाईगुरांना डोळ्यांपुढे ठेवून झाली आणि त्यात गैर काही नाही. श्रेणी एकच्या दवाखान्यात पशुवैद्य असतो, श्रेणी दोनच्या दवाखान्याचा भार बऱ्याचदा पशुधन पर्यवेक्षकावर. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर फिरतं पशुवैद्यकीय पथक गोठ्यापर्यंत येतं. पण रात्री आठ वाजता, भर पावसात, कुत्र्यासाठी, प्रतिविष बरोबर घेऊन? त्या भरवशावर बसू नये. रत्नागिरी शहरातले खासगी पशुवैद्य हाच बहुतेकांचा आधार. मोठी पशुवैद्यक रुग्णालयं पाहायची तर एक १८८६ पासूनच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचं, परळला, दुसरं शिरवळला. कोल्हापूर त्यातल्या त्यात जवळ, पण मध्ये आंबा घाट. श्वास मंदावत चाललेल्या कुत्र्याला घेऊन रात्रीचा घाट चढण्याचा निर्णय घरी बसून घेऊ नये. आधी जवळच्या डॉक्टरने शिरेत सलाईन लावून पहिल्या कुप्या द्याव्यात, मग पुढचा विचार.

या कुपीची गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. मुंबईचं हाफकिन आणि जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव इथे प्रतिविष तयार होतं. सापाचं विष अगदी थोड्या थोड्या प्रमाणात घोड्याला टोचत जायचं, घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं काढून शुद्ध करायची, सुकवून पूड करायची. विष येतं ते मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून. ती १९७८ मध्ये उभी राहिली. आता एक अडचण लक्षात घ्या. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. तामिळनाडूतल्या सापाच्या विषावर बनवलेलं प्रतिविष देशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात तितकं लागू पडेलच असं नाही, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं आहे. सह्याद्रीतल्या चापडा जातीच्या सापांवर तर ते मुळात बनवलेलंच नाही. तरीही आज हातात असलेलं खरं औषध हे एकच.

आणि त्याचा डोस कुत्र्याच्या आकाराकडे पाहून कमी होत नाही. लोकांना हे पटवणं कठीण जातं. साप चावताना समोरच्याचं वजन बघत नाही. पंचाहत्तर किलोच्या गड्याला जितकं विष जातं तितकंच पंधरा किलोच्या मोतीलाही जातं. एक मिलिलिटर प्रतिविष घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतं. एका कुपीत दहा मिलिलिटर. माणसांच्या उपचारात सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी होते, लहान मुलांतही तेवढ्यानेच. कुत्र्यांच्या बाबतीत डॉक्टर मिळेल त्यावर भागवतात, एक-दोन कुप्यांपासून सुरुवात करतात आणि रक्त तपासत पुढे जातात. ती तपासणी इतकी साधी आहे की हातखंब्याच्या कुठल्याही खोलीत होईल: काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष अजून काम करतंय. काही तासांनी पुन्हा तेच. सापाला कुणी पाहिलं नव्हतं. ही वीस मिनिटं मात्र घरातला कुणीही उभं राहून पाहू शकतो.

प्रतिविष घोड्याच्या रक्तातलं असल्याने त्याचीच रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन भरून ठेवल्याशिवाय ते सुरू करू नये आणि म्हणूनच ते घरी, पडवीत, मित्राच्या हाताने टोचून घेण्याचं औषध नव्हे. नागाच्या विषाने आलेला लुळेपणा प्रतिविषाने आणि निओस्टिग्मिनसारख्या औषधाने मागे हटू शकतो. मण्यारीचं तसं नाही. तिचं विष नसांच्या टोकांनाच इजा करतं आणि लुळेपणा एकदा आला की औषधाने लगेच उतरत नाही. श्वास चालू ठेवत शरीर सावरायची वाट पाहावी लागते. मोठ्या रुग्णालयात त्याला व्हेंटिलेटर असतो. छोट्या दवाखान्यात रबरी पिशवी असते आणि ती तासन् तास दाबणारे हात. हे हात बहुधा घरच्यांचेच असतात.

ही रात्र कशी जाते, यावर कुणी लिहीत नाही. टेबलावर कुत्रा, दांडीला सलाईन, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोन-तीन माणसं. प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब. संध्याकाळी त्याला सोडलं कुणी? फाटक उघडं राहिलं कुणामुळे? धाकटा पोर भाकरी घालायला गेला होता, त्याने केकाटणं ऐकलं पण बोलला नाही. अशा वेळी घरातल्या मोठ्या माणसाने एक गोष्ट करावी: चौकशी बंद करावी. कुत्र्याचं नाक गडग्यात जाणारच. ते नाक आहे म्हणून तर तो पाळलेला असतो.

पैशाचाही प्रश्न येतो आणि तो लाजेने गिळू नये. एका कुपीची किंमत शेकड्यांत. कुप्या चारच्या आठ झाल्या, रोजचं सलाईन, रक्ताच्या तपासण्या, गाडीभाडं धरलं की गावातल्या घराच्या महिन्याच्या कमाईला हात लागतो. डॉक्टरला सुरुवातीलाच आपली ऐपत सांगावी. ‘एवढेच आहेत, यात काय होईल?’ हा प्रश्न विचारणारा मालक निर्दय नसतो. चांगला डॉक्टर त्या रकमेत सर्वात आधी प्रतिविष बसवेल आणि बाकीचं नंतर बघेल. ‘कुत्र्यासाठी एवढं?’ असं म्हणणारे शेजारी असतातच. त्यांच्याशी वाद घालायची ती रात्र नव्हे. एवढं मात्र खरं की त्यांच्यातल्याच कुणाच्या घराची राखण हा मोती आवाज न चढवता, फुकटात करत आलेला असतो.

सापाच्या विषाबद्दल आपल्याला जे कळलंय त्यातही कुत्र्याचा वाटा आहे, आणि तो त्याने खुशीने दिलेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरी असलेल्या पॅट्रिक रसेलने कुठला साप विषारी आणि कुठला नाही हे ठरवायला कुत्री आणि कोंबड्या वापरल्या. त्याचा ग्रंथ १७९६ मध्ये निघाला आणि घोणशीला इंग्रजीत आजही त्याचंच नाव आहे. पुढे कलकत्त्यात जोसेफ फेररनेही तेच केलं. विषाची लक्षणं, मृत्यूला लागणारा वेळ, हे बऱ्याच अंशी टिपलं गेलं ते कुत्र्यांच्या अंगावरून. त्याच्या मोबदल्यात कुत्र्यांच्या वाट्याला अजून स्वतःची एक कुपी आलेली नाही.

महाभारताच्या आदिपर्वात सर्पसत्राच्या कथेआधी एक कुत्रा येतो, हे फार जणांच्या लक्षात राहत नाही. जनमेजयाच्या भावांनी देवांची कुत्री सरमा हिच्या पिल्लाला विनाकारण मारलं. तिने येऊन विचारलं, याने हविष्याला तोंड लावलं नव्हतं, मग का मारलंत? कुणाकडे उत्तर नव्हतं. तिने शाप दिला की न दिसणारं भय तुमच्यावर येईल. त्यानंतरच्या हजारो श्लोकांत साप येतात, पण दारातलं पहिलं गाऱ्हाणं कुत्रीचं आहे. परड्यातल्या काळोखात बॅटरी फिरवणाऱ्यांना पाहिलं की मला ते न दिसणारं भय आठवतं.

वाचलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी शेपूट हलवतो आणि घरचे पेढे वाटायला निघतात. थोडं थांबावं. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडांचा खेळ अजून संपलेला नसतो. लघवी किती होते, रंग काय, यावर निदान आठवडाभर लक्ष ठेवावं आणि क्रिएटिनिनची तपासणी पुन्हा करावी. चाव्याभोवतीचं कातडं काळं पडून गळून जातं, जखम मोठी दिसते, तिला आठवडे लागतात. नसांवरच्या विषातून जो श्वासासकट बाहेर आला, तो मात्र बहुधा पूर्ण बरा होतो.

आणि काही वाचत नाहीत. उशीर झालेला असतो, कुप्या मिळालेल्या नसतात, किंवा सगळं वेळेवर होऊनही विष जास्त गेलेलं असतं. मूत्रपिंडं बंद पडली, रक्त थांबतच नाही, अशा वेळी डॉक्टर शांतपणे संपवण्याचा पर्याय पुढे ठेवतात. तो घ्यायचा की नाही हे घरच्यांनीच ठरवायचं, पण ठरवताना आपल्याला तो आणखी किती दिवस हवाय यापेक्षा त्याला आणखी किती सोसवेल हे विचारावं. मुलांना खोटं सांगू नये. ‘पळून गेला’ असं सांगितलेली मुलं कित्येक महिने गडग्यापाशी हाका मारत राहतात. घरामागे कलमाच्या बुंध्याजवळ खोल खड्डा, वर दगड. मुलांना तिथे उभं राहू द्यावं. दंश कशाचा होता हे शेवटपर्यंत नक्की कळत नाही, याचाही वेगळा सल राहतो. कारण सापडलं की माणूस रागावू तरी शकतो. इथे रागवायला कुणी नसतं. सापही नाही, तो तर घाबरून चावलेला. म्हणून दुसऱ्या दिवशी गडग्यालगतचं रान पेटवून देऊ नये की दिसेल ते जनावर ठेचू नये. वन्यजीव कायद्याने साप मारणं गुन्हा आहेच, शिवाय मारलं जाणारं बहुधा धामण असतं, म्हणजे उंदीर खाऊन घोणशीची वाट अडवणारं. साप घराजवळच घुटमळत असेल तर सर्पमित्राला बोलवावं. नीलिमकुमार खैरेंसारख्यांनी पुण्यात सुरू केलेली ही रीत आता तालुक्यातालुक्यांत पोचली आहे.

थोडं आधीच करता येतं. चुलीची लाकडं भिंतीला चिकटवून न रचता वीतभर उंच फळीवर रचावी. कुत्र्याचं ताट रात्री बाहेर ठेवू नये. उरलेल्या भाकरीला उंदीर येतात. पावसाळ्यात आणि भात कापल्यावरच्या दिवसांत काळोख पडला की त्याला आत घ्यावं. यानेही सगळे चावे टळणार नाहीत. सड्यावर घर बांधलं की सड्याचे जुने रहिवासी शेजारी असणारच.

म्हणून हा लेख हातात असतानाच, घरात सगळं ठीक असताना, एक काम करा. तुमच्या पशुवैद्याला फोन लावा आणि विचारा: तुमच्याकडे प्रतिविष आहे का, किती कुप्या, रात्री फोन उचलाल का, आणि नसाल तर कुणाकडे जाऊ? तुमच्या भागातलं कुठलं औषधांचं दुकान कुप्या ठेवतं तेही पाहून या. पूड स्वरूपातली कुपी फ्रिजशिवायही टिकते, तिच्यावरची मुदत वाचा. वाडीतल्या पाच-सात घरांनी मिळून चार कुप्या डॉक्टरकडे ठेवायला दिल्या तर कुणा एकाला भार होणार नाही. रेबीजची लस राहिली असेल तर याच आठवड्यात द्या. डॉक्टरांचे नंबर फोनमध्ये असतीलच. तरी ते कागदावर लिहून पडवीच्या भिंतीवर, आजीला दिसतील अशा उंचीवर चिकटवा.